इंग्रजीतले फिगर ऑफ स्पीच (अलंकार) ओळखताना या चुका टाळा

‘लाइक’ किंवा ‘ॲज’ दिसला की सिमिली (उपमा), हे गाइडमधलं सूत्र सगळ्यांत जास्त मार्क घालवतं. ‘ही लाइक्स मँगोज’मध्ये लाइक हे क्रियापद आहे. ‘शी लुक्स लाइक हर मदर’मध्ये तुलना आहे, पण दोन्हीकडे माणसंच असल्यामुळे ती साधी तुलना झाली, अलंकार नव्हे. ‘ॲज सून ॲज’मध्ये तर तुलनाच नाही.

मराठी व्याकरणात शिकलेले उपमेय, उपमान आणि साधारण धर्म इथे थेट उपयोगी पडतात. वर्ड्सवर्थची १८०७ सालची ओळ घ्या: ‘आय वाँडर्ड लोनली ॲज अ क्लाउड’. उपमेय कवी, उपमान ढग, साधारण धर्म एकट्यानं भटकणं. पेन्सिलनं पहिल्या दोन्हींखाली रेघ मारा आणि तिसरा समासात लिहा. तिसरा सापडत नसेल तर सिमिली लिहू नका. उत्तरात ‘द वर्ड ॲज इज यूज्ड’ एवढंच लिहिलं तर काहीच स्पष्ट होत नाही. ‘द पोएट, वाँडरिंग अलोन, इज कम्पेअर्ड टू अ क्लाउड’ असं लिहा. साम्यवाचक शब्द नसून एक गोष्ट दुसरीच आहे असं म्हटलं असेल, तर मेटाफर (रूपक): ‘ऑल द वर्ल्ड्ज अ स्टेज’.

दुसरी हट्टी चूक अपॉस्ट्रॉफी (संबोधन) आणि पर्सॉनिफिकेशन (निर्जीवाला माणूसपण देणं) यांची. वर्ड्सवर्थच्याच एका सुनीताची सुरुवात ‘मिल्टन! दाउ शुड्स्ट बी लिव्हिंग ॲट धिस अवर’ अशी आहे. यावर हमखास उत्तर येतं: पर्सॉनिफिकेशन, कारण कवी मिल्टनशी माणसासारखा बोलतो. अहो, कवी मिल्टन माणूसच होता! तो १६७४ मध्ये वारला आणि हे सुनीत १८०२ चं. समोर नसलेल्या, हयात नसलेल्या व्यक्तीला केलेलं हे संबोधन, म्हणून फक्त अपॉस्ट्रॉफी. उलट जॉन डनच्या ‘डेथ, बी नॉट प्राउड’मध्ये दोन्ही आहेत: मृत्यूला हाक मारली म्हणून अपॉस्ट्रॉफी, आणि गर्व हा माणसाचा विकार त्याला चिकटवला म्हणून पर्सॉनिफिकेशन.

म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. कवी कुणाला उद्देशून बोलतोय? माणसालाच शोभेल असं क्रियापद किंवा विशेषण निर्जीव वस्तूला किंवा कल्पनेला लावलंय का? ‘द विंड ब्लू’मध्ये तसं काही नाही, ‘द विंड व्हिस्पर्ड’मध्ये आहे. आणि नुसत्या ‘ओ’वर जाऊ नका. ‘ओ, हाउ हॉट इट इज!’ हा उद्गार आहे, त्यात संबोधन कुणालाच नाही. ‘डोंट’मधल्या चिन्हालाही अपॉस्ट्रॉफीच म्हणतात, पण त्याचा या अलंकाराशी काही संबंध नाही.

ॲलिटरेशन, म्हणजे जवळच्या शब्दांच्या सुरुवातीला तोच आवाज पुन्हा येणं, कानानं ओळखा, डोळ्यांनी नाही. इंग्रजीत ‘सिटी’ आणि ‘कॅट’ एकाच अक्षरानं (c) सुरू होतात, पण आवाज वेगळे. ‘फोन’ आणि ‘फिश’ची अक्षरं वेगळी (ph आणि f), आवाज एकच. ओळ मोठ्यानं म्हणायचा कंटाळा करणाऱ्यांना हा अलंकार कधीच नीट जमत नाही. परीक्षेत ओठ हलवून म्हणा.

ऑक्सिमोरॉनमध्ये विरोधी शब्द शेजारी-शेजारी असतात: ‘स्वीट सॉरो’. पूर्ण विधानच वरवर अशक्य वाटत असेल तर पॅराडॉक्स: ‘द चाइल्ड इज फादर ऑफ द मॅन’.

‘टेन थाउजंड सॉ आय ॲट अ ग्लान्स’ यात हायपरबोल (अतिशयोक्ती) आहे आणि शब्दक्रम उलटा असल्यानं इन्व्हर्जनही आहे. एकच अलंकार विचारला असेल तर नाव मोठं वाटतं म्हणून निवड करू नका. ज्याचं कारण ओळीतल्या शब्दांवर बोट ठेवून सांगता येईल, तोच लिहा. इन्व्हर्जन लिहिलंत तर सरळ क्रमही द्या: ‘आय सॉ टेन थाउजंड ॲट अ ग्लान्स’.