नांगर न लावता माळावर आपलं देशी गवत परत आणायचं कसं

सिन्नरच्या पूर्वेला आमची दोन एकर मुरमाड जमीन आहे, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणजे लागवडीलायक नसलेली म्हणून लागलेली. घरात सगळ्यांचं मत होतं की जेसीबी लावून सपाट करू आणि झाडं लावू. मला तिथे गवत हवं होतं, कारण लहानपणी त्याच माळावर तितर, ससे, माळटिटवी आणि क्वचित खोकडसुद्धा बघितलेलं, आणि हे सगळे गवतावर जगणारे जीव आहेत, त्यांना दाट झाडी नकोच असते. येवल्याकडे ममदापूर-राजापूरला काळवीट टिकून आहेत तेही उघड्या माळामुळेच. म्हणून ज्यांच्याकडे अशी 'पडीक' जमीन आहे त्यांच्यासाठी लिहितोय, नाशिक जिल्ह्याचा कोरडा भाग डोक्यात ठेवून, म्हणजे सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड. इगतपुरी-त्र्यंबकचं पावसाचं गणितच वेगळं, तिथली गवतंही वेगळी, तिथल्यांनी तिथलंच बी घ्यावं.

पहिल्या वर्षी काहीच पेरू नका, खरंच. मृग लागला की गुरं-शेळ्या बंद करा आणि दिवाळीपर्यंत वाट बघा. बऱ्याच माळावर गवताची खोडं जिवंत असतात, फक्त रोजच्या चराईने बोटभरच्या वर येत नाहीत. आमच्याकडे एका पावसाळ्यात जवळजवळ अर्ध्या जागेवर कुसळी आणि डोंगरी गवत आपोआप उभं राहिलं, आणि तिथे बी टाकलं असतं तर फुकट गेलं असतं. कुठे उघडी जमीन राहिली ते दसऱ्याच्या सुमारास फिरून बघा आणि तिथे चार दगड रचून खूण करा, पेरायचं तेवढ्याच ठिकाणी.

याच फेरीत गवतं ओळखायला शिका, तुरा आलेला असतो म्हणून सोपं जातं. मारवेलच्या पेरावर पांढऱ्या केसांचं कडं असतं आणि तुरा बोटांसारखा फुटलेला, जांभळट. पवन्याला एकेकटं कणीस आणि त्याला लांब कुसं. डोंगरी गवताचा तुरा मोकळा, सोनेरी-तपकिरी. कुसळी तर कपड्यात घुसली की कळतेच. मेंढपाळांना कुसळी आवडत नाही कारण पिकल्यावर लोकरीत आणि मेंढरांच्या तोंडात रुतते, पण अगदी वाईट मुरमावर पहिली तीच टिकते, म्हणून मी तिला काढत नाही.

बी शक्यतो जवळपासच्या बांधावरून, गायरानाच्या कडेवरून गोळा करा, मालकाला किंवा ग्रामपंचायतीला विचारून. ममदापूर, बोरगड, अंजनेरी असल्या राखीव जागेतून मूठभरही आणू नका. तुरा मुठीत धरून वर ओढला आणि बी सहज हातात आलं म्हणजे पिकलं, ओढावं लागलं तर अजून आठवडाभर थांबा. एका जागेवरून तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घेऊ नका, मुनिया आणि मुंग्यांनाही तेच खायचं असतं. मग सावलीत वाळवा आणि सुती पिशवीत किंवा गोणीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. मी पहिल्यांदा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं आणि संक्रांतीपर्यंत सगळ्याला बुरशी, दोन महिन्यांची मेहनत गेली.

ताजं बी लगेच उगवत नाही हेही लक्षात ठेवा. या गवतांचं बी काही महिने झोपलेलं असतं, नोव्हेंबरात गोळा केलेलं पुढच्या जूनमध्ये नीट उगवतं. शिवाय बरंच बी पोकळ असतं, वरून फुगलेलं दिसतं पण तळहातावर चोळलं की आत दाणाच नसतो. म्हणून मे महिन्यात १०० बिया ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन आठवडे ठेवा आणि मोजा. स्वच्छ बी असेल तर मारवेल आणि अंजन गवताला (हेही देशी गवतच) हेक्टरी ४ ते ५ किलो म्हणजे एकरी साधारण २ किलो पुरतं, घरी जमवलेलं न निवडलेलं असेल तर दुप्पट धरा.

आता जमिनीची तयारी, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. नांगर घालू नका, कारण नांगराने खाली गाडलं गेलेलं गाजर गवताचं बी वर येतं आणि पहिल्या पावसात तेच जमीन बळकावतं, वर असलेली जुनी गवताची खोडंही मरतात. मे महिन्यात घाणेरी आणि वेडी बाभूळ मुळासकट काढा, बाकी सगळं राहू द्या. उघड्या तुकड्यांवर टिकावाने हातभर रुंदीच्या पट्ट्या उताराला आडव्या नुसत्या खरवडा, दोन पट्ट्यांत दोन-तीन पावलांचं अंतर चालतं, मधली जागा पुढे बी पडून भरते.

पेरणी मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर. बी हलकं असतं, वाऱ्यावर उडतं, म्हणून चाळलेली माती आणि शेणखत मिसळून थोडं पाणी मारून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, मुंग्याही कमी नेतात. वरून बाभळीच्या काटेरी फांद्या ओढल्या की झालं, बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं तर येत नाही. कुसळीला तर तेवढंही नको, ओल लागली की तिचं कुसळ उलगडतं, वाळलं की परत पीळ घेतं आणि दाणा स्वतःच मातीत शिरतो.

यापेक्षाही सोपं हवं असेल तर बी पिकलेलं गवत नोव्हेंबरात कापून आणा आणि उघड्या जागेवर पातळ पसरा, वर थोडे दगड ठेवा. बी तिथेच गळतं, उन्हाळा काढतं आणि पावसात उगवतं. थोडं बी पक्षी आणि मुंग्या खातात पण मजुरी वाचते.

मारवेलसाठी ठोंब लावणं मला जास्त खात्रीचं वाटतं. जुलैत झड लागलेली असताना बांधावरून मुळासकट दोन-तीन फुटवे काढा, शेंडा छाटून वीतभर ठेवा आणि लावा. चाऱ्याच्या शेतात ५० बाय ३० सेंटिमीटरवर लावतात, आपल्याला पक्ष्यांसाठी हवंय म्हणून ओळी नकोत, कुठे दाट कुठे विरळ असे पुंजके करा. टिटवी उघड्या खडकाळ जागेत अंडी घालते, तितराला लपायला झुपका लागतो, दोघांचीही सोय झाली पाहिजे.

पेरणीच्या पहिल्या वर्षी दिसायला काहीच दिसणार नाही, रोपं बोटभर आणि टाकळा गुडघाभर, तेव्हा माणूस घाबरतो. गवत त्या काळात मूळ खाली नेत असतं. टाकळा आणि गाजर गवत फुलाआधी हाताने उपटा, हातमोजे घालून, तणनाशक अजिबात नको, शेजारच्या द्राक्षबागेत फवारणी असेल तर वारा बघून करायची विनंती करा. युरियाही नको, त्याने तणच माजतं. आणि कृपया नेपियर, गिनी गवत किंवा हमाटा स्टायलो मिसळू नका, चारा म्हणून ते चांगलं असेल पण ते आपल्या माळाचं नाही.

सगळ्यात अवघड भाग शेळ्या आहेत. बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं तरी खरा उपाय बोलणं हाच. आम्ही वाडीतल्या लोकांना सांगितलं की दोन पावसाळे जनावर आत सोडू नका, त्याबदल्यात मार्गशीर्षात गवत कापून फुकट न्या. ते पाळलं गेलं, कारण जानेवारीत चाऱ्याला किंमत असते.

कापणी मात्र बी गळल्यानंतरच, आणि निम्म्याच जागेवर. उरलेलं उभं ठेवा, उन्हाळ्यात चंडोल आणि सशांना तेवढीच सावली, पुढच्या वर्षी बाजू बदला. डिसेंबरात कडेने तीन मीटरची जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, साफ करा, रस्त्याच्या बाजूला तर नक्कीच, कारण होळीच्या आसपास कोणीतरी बिडी टाकतं आणि वाळलेलं गवत पेटायला क्षण लागतो. जुनी बोर, हिवर आहेत ती राहू द्या, नवीन झाडांचे खड्डे त्यात घेऊ नका. आमच्याकडे तिसऱ्या पावसाळ्यात तितराची जोडी पिलांसकट दिसली, तेव्हापासून त्या कोपऱ्यातलं गवत आम्ही कापतच नाही.