मेघालयात गुहेचा सर्व्हे करायला जाताय? आधी यंत्राची तयारी करा

फेब्रुवारीत मेघालयात गुहा मोजायला जाणार असाल तर तयारी जानेवारीतच काढा, कारण बॅग एका संध्याकाळी भरून होते पण यंत्रावर भरवसा बसायला वेळ लागतो. सह्याद्रीत रोप घेऊन फिरणाऱ्या मंडळींना हार्नेस, हेल्मेट, जुमार सांगायची गरज नाही, म्हणून इथे फक्त मोजायच्या सामानाचं लिहितोय.

पहिलं म्हणजे मुख्य यंत्र. बहुतेक ठिकाणी डिस्टोएक्स चालतं, म्हणजे लायकाचं लेझर मीटर ज्यात बीट हीब या स्विस माणसाने तयार केलेला बोर्ड बसवलेला असतो, एक बटण दाबलं की अंतर, दिशा आणि चढउताराचा कोन तिन्ही एकदम मिळतात आणि ब्लूटूथने मोबाइलवर जातात. ज्या एक्स३१० मीटरमध्ये हा बोर्ड बसतो तो आता नवा मिळणं अवघड आहे, त्यामुळे ब्रिक किंवा सॅप६ ही तशीच यंत्रं मिळाली तरी चालेल, फक्त जे न्याल ते घरी हाताळून न्या. आणि एकाच्या भरवशावर जाऊ नका, दुसरं यंत्र नाहीतर निदान साधा टेप, होकायंत्र आणि चढउताराचा कोन मोजणारा क्लिनो पाहिजेच.

आता कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र दिशा आणि कोन बरोबर दाखवेल अशी जुळणी, आणि इथे कंटाळा करू नका. डिस्टोएक्सचं कॅलिब्रेशन म्हणजे १४ दिशांना, प्रत्येक दिशेला यंत्र स्वतःभोवती चार वेळा फिरवून, एकूण ५६ शॉट, म्हणजे ५६ मोजण्या. पहिल्या १६ शॉटना जास्त जपा, त्यात एका दिशेचे चारही शॉट त्याच दोन बिंदूंमध्ये नेमके बसले पाहिजेत, पुढच्यांना थोडं इकडेतिकडे चालतं. शेवटी ॲप जी सरासरी चूक दाखवतं ती अर्ध्या डिग्रीच्या खाली आली नाही तर सगळं परत करा. हे फ्लॅटच्या गच्चीवर करायचं नाही, स्लॅबमधल्या सळया होकायंत्राला ओढतात, गाडीजवळ नाही, विजेच्या तारांखाली नाही, सरळ एखाद्या मोकळ्या माळावर जा. बॅटरी बदलली किंवा यंत्र आपटलं की परत करायचं. बॅटरीवरून आठवलं, साध्या सेलचं कवच स्टीलचं असतं, म्हणून यात बिनचुंबकी लिथियम पॉलिमर बॅटरी टाकतात, दुकानातले सेल घालून चालवू नका.

एवढं का सांगतोय तर पूर्वी एक जण आकडा ओरडायचा, दुसरा तो लिहिताना म्हणायचा अरे आपण तर उजवीकडे वळलो, २७० कसं येईल, आणि चूक तिथेच सापडायची. आता आकडा कोणाच्या तोंडून न जाता थेट फोनमध्ये पडतो आणि चुकीचा आकडासुद्धा स्क्रीनवर बरोबर आकड्यासारखाच दिसतो. म्हणून निघायच्या आदल्या आठवड्यात झाडांवर चारपाच खुणा करून गोल फिरून या, प्रत्येक टप्पा, म्हणजे एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंतचं अंतर, पुढून आणि मागून मोजा, मागची दिशा पुढच्यापेक्षा बरोबर १८० डिग्रीने फिरलेली असली पाहिजे, आणि गोल जिथे सुरू झाला तिथेच येऊन मिटला पाहिजे. एक डिग्रीच्या आत बसत असेल तर ग्रेड ५ चं, म्हणजे गुहा सर्व्हेच्या अचूकतेच्या त्या श्रेणीचं, काम होईल. गुहेत शिरताना आणि बाहेर पडताना दारापाशी एक ठरलेला टप्पा मोजायचा हेही आत्ताच ठरवून ठेवा.

मोजणाऱ्याच्या अंगावरचं लोखंडही तपासा. हेडलॅम्पचा बॅटरी पॅक, स्टीलची कॅरॅबिनर, चष्म्याची फ्रेम, आणि मोबाइलचं चुंबकाने बंद होणारं फ्लिप कव्हर, हे शेवटचं कोणाच्याच लक्षात येत नाही. यंत्र हळूहळू जवळ नेऊन दिशा किती हलते ते घरीच बघा.

फोन अँड्रॉइड घ्या, त्यात टोपोड्रॉइड किंवा सेक्सीटोपो टाका, दोन्ही फुकट आहेत. नेट नसताना चालतात, पण इन्स्टॉल आणि ब्लूटूथ पेअरिंग घरीच उरका. तीन शॉट एकमेकांशी जुळले की ॲप त्याला मुख्य टप्पा धरतं, एकटे शॉट म्हणजे भिंती आणि छतापर्यंतचे स्प्ले, याची सवय बोटांना लागली पाहिजे. वॉटरप्रूफ पाऊच, दोरीने बांधलेला स्टायलस, लेझरची काच पुसायला दोनतीन स्वच्छ फडकी घ्या, चिखलाच्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही. वॉटरप्रूफ कागदाची वही आणि पेन्सिल घ्याच. आणि स्केच करणारा माणूस आधीच ठरवा, कारण दगड कुठे पडलेत, पाणी कुठून येतं, वारा कुठल्या फटीतून लागतो हे कुठलंच यंत्र काढत नाही, त्यामुळे चांगला नकाशा त्याच्याच हातचा असतो. आयफोनचा लायडार बारीक जागेत सुंदर दिसतो पण त्याची झेप साधारण पाच मीटरची, मोठ्या दालनात त्याच्यावर विसंबू नका.

जीपीएस फक्त तोंडापाशी, आत काही नाही. झाडीत रीडिंग उड्या मारतं म्हणून बराच वेळ ठेवून सरासरी घ्या आणि ते लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका.

परवानगी कागदाच्या आधी माणसांची. तिकडे जमिनी गावाच्या आणि कुळांच्या असतात, खासी भागात रंगबाह श्नोंगला, म्हणजे गावप्रमुखाला, भेटल्याशिवाय शिरू नका. स्टेशनच्या, म्हणजे मोजणीच्या बिंदूच्या, खुणेसाठी नेलपॉलिशचे ठिपके लावायचे तर तेही विचारा, लवणस्तंभांवर तर अजिबात लावू नका.

तिथल्या लोकांनी आणि मेघालय ॲडव्हेंचरर्स असोसिएशनने १९९२ पासून बाहेरच्या केव्हर्सना बरोबर घेऊन हे काम उभं केलंय, क्रेम पुरी (क्रेम म्हणजे गुहा) २४ किलोमीटरच्या वर मोजली, क्रेम लियात प्राह ३० च्या वर, आणि जैंतिया टेकड्यांत सिमेंटसाठी चुनखडी फुटत असताना खाली काय आहे हे दाखवायला हे नकाशेच उपयोगी पडतात. तेव्हा एकेक स्टेशन मन लावून मोजा.

रोज रात्री डेटा दोन ठिकाणी कॉपी, फाइलच्या नावात तारीख, गुहा आणि यंत्राचा नंबर, दोन पॉवरबँक, लॅपटॉपवर थेरिऑन किंवा सर्वेक्स हे गुहा सर्व्हेचं सॉफ्टवेअर. घरी आल्यावर नकाशाची एक मोठी छापील प्रत गावाला पाठवायची आहे, तिचे पैसे बजेटमध्ये आत्ताच धरा.