साक्षगंधाची अंगठी: सोनं घ्यायचं का प्लॅटिनम, कसं ठरवायचं

साक्षगंध (साखरपुडा) ठरलं की घरात हॉल, जेवण, साड्या सगळ्यावर चर्चा होते आणि अंगठीचं मात्र "दुकानात गेल्यावर बघू", मग आपल्या नागपुरात इतवारीच्या सराफ्यात नाहीतर धरमपेठेतल्या शोरूममध्ये ट्रेवर ट्रे निघतात, डिझाइन आवडते आणि धातू कोणता हे कोणी विचारतच नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की धातू आधी ठरवा, डिझाइन मग.

आधी हात बघा. रोज घालणार का फक्त कार्यक्रमाला? कणीक मळणं, भांडी, बाइक, जिम, हॉस्पिटलमध्ये दिवसभर सॅनिटायझर, हे सगळं त्या अंगठीला सोसायचं आहे. आणि हा प्रश्न नवरीइतकाच नवरदेवालाही विचारा, त्याची अंगठी बहुतेक वेळा घाईघाईत घेतली जाते.

मग खडा आहे का ते ठरवा, कारण कॅरेट त्यावरून ठरतो. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, रंग सुंदर, घरच्या मोठ्यांना तोच पटतो, पण ते मऊ असतं. साधी, बिनखड्याची, जरा जाडसर अंगठी असेल तर 22 कॅरेट बिनधास्त घ्या. हिरा बसवायचा असेल तर मात्र 18 कॅरेट घ्या म्हणजे 75 टक्के सोनं, बाकी तांबं-चांदीसारखे धातू, त्यामुळे ते कडक होतं आणि हिरा धरणारे पंजे सहज वाकत नाहीत. "18 म्हणजे कमी सोनं" असं आत्या-मावशी म्हणतील, त्यांना सांगा की खडा पडून हरवला तर जास्तीच्या सोन्याचा काय उपयोग. रोज गोल्ड, म्हणजे गुलाबी झाकेचं सोनं, तेही हेच सोनं, फक्त तांबं जास्त.

पांढरा रंग हवा असेल तर इथे थांबून नीट विचार करा. व्हाइट गोल्ड म्हणजे सोन्यात पॅलेडियम किंवा निकेल मिसळलेलं असतं आणि वरून ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचं पाणी (पातळ मुलामा) दिलेलं असतं, तो लखलखीतपणा त्या पाण्याचा. रोज वापरलं की ते घासून जातं, खालून पिवळसर झाक दिसते आणि परत पाणी द्यावं लागतं. खोट्या दागिन्याने ज्यांच्या कानाला, मनगटाला खाज सुटते त्यांनी निकेल आहे का हे विचारल्याशिवाय घेऊच नये.

प्लॅटिनम मुळातच पांढरं, दागिन्यात साधारण 95 टक्के शुद्ध, आतून 950 लिहिलेलं असतं. त्याच्यावर ओरखडे पडतात, चमक मंद होते, पण पॉलिशने परत येते आणि नाजूक त्वचेला सहसा त्रास होत नाही. रोज हिरा घालणाऱ्यांना मी हेच सुचवीन. फक्त ग्रॅमचा भाव बघून हिशोब करू नका, तीच अंगठी 18 कॅरेटपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्याने जड भरते आणि घडणावळही बहुधा जास्त लागते. प्लॅटिनम वितळतं 1768 डिग्रीला आणि सोनं 1064 ला, त्यामुळे गल्लीतला सोनार साइज कमी-जास्त करून देईलच असं नाही, दुकानातच विचारून ठेवा.

चांदी काळवंडते आणि मऊ असते, रोजच्या अंगठीला नको. टायटॅनियम मजबूत आणि स्वस्त आहे पण साइज बदलणं फार अवघड.

साइज भर उन्हात देऊ नका. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असताना दुपारी बर्डीच्या बाजारात फिरून बोट मोजलं तर ते फुगलेलं असतं, डिसेंबरमध्ये तीच अंगठी गळून पडेल. संध्याकाळी, जरा गारव्यात बसून मोजा, आणि ज्या अंगठीला गोल सगळीकडे खडे आहेत तिचा साइज नंतर बदलणं जवळपास अशक्य असतं हे लक्षात ठेवा.

पैसे देण्याआधी हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची खूण बघा. सोन्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का, शुद्धता (22 कॅरेटला 916, 18 ला 750) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी नंबर, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, 1 एप्रिल 2023 पासून या नंबरशिवाय हॉलमार्कचं सोनं विकता येत नाही. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो नंबर दुकानातच टाकून बघा, सराफाला राग यायचं कारण नाही. पण 2 ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि नाजूक लेडीज अंगठ्या नेमक्या त्याच वजनात येतात, म्हणून तिथे कॅरेट बिलावर लिहूनच घ्या. बिलात धातूचं वजन वेगळं, खड्याचं वेगळं, घडणावळ वेगळी, 3 टक्के जीएसटी वेगळा हवा, नाहीतर खड्याचं वजनही सोन्याच्या भावात लागायचं.

आईची जुनी पाटली किंवा आजीची मोहनमाळ मोडून अंगठी करणार असाल तर आधी कॅरेटोमीटरवर (सोन्याची शुद्धता मोजणाऱ्या मशीनवर) चेक करा, जुन्या दागिन्यात टाका, म्हणजे जोडासाठी वापरलेला हलका धातू, बराच असतो, आणि आटवताना समोर उभं राहा. घट (आटवताना कमी होणारं वजन) किती धरणार, परत घ्यायचा झाला तर भाव कसा लावणार, आणि प्लॅटिनम असेल तर ते परत घेणार की नाही, हे त्याच बिलाच्या मागे लिहून सही-शिक्का घ्या.