मागच्या चाकाची हवा सारखी उतरत होती, त्यावर सापडलेला उपाय

रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला सायकलने जाताना मागच्या चाकाची हवा हळूहळू उतरायची. ट्यूब बदलली तरी तेच. दुकानात म्हणाले, नवा टायर घ्या. पण टायर तर चांगला दिसत होता.

मग ट्यूब बादलीत बुडवली, बुडबुडे आले तिथे पेनाने खूण केली. टायरवरचं नाव मी नेहमी व्हॉल्व्हसमोर आणून बसवतो, त्यामुळे ट्यूबचं भोक टायरवर नेमकं कुठे येतं ते लगेच कळतं. तिथे आतून कापसाचा बोळा फिरवला आणि एका जागी तंतू अडकले. केसाएवढी पोलादी तार! ट्रकचे टायर फुटले की त्यातल्या अशा तारा रस्त्यावर पडतात. बोटाला जाणवत नाहीत, पण वजन पडलं की ट्यूबला टोचतात. चिमट्याने ओढून काढली, त्रास संपला. (भोक रिमच्या बाजूला असेल तर आऱ्यांची टोकं झाकणारी रिमची पट्टी तपासा.)

शर्यतीची तयारी करणाऱ्यांना कळकळीने सांगतो: आपल्याकडच्या खडबडीत रस्त्यांना २५पेक्षा २८ मिलिमीटर रुंदीचा टायर बरा. फ्रेममध्ये जागा आहे ना, ते आधी बघा. सत्तरेक किलो वजनाला मी मागे ८०, पुढे ७५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा ठेवतो; पावसात थोडी कमी. नवा टायर आदल्या दिवशी चढवू नका, आठवडाभर आधी चालवून बघा. आणि खाऱ्या हवेत साखळी पटकन गंजते, घरी आल्यावर पुसून तेल घालाच.