मेनफ्रेमचे मेसेज कन्व्हर्ट करताना या चुका टाळा

मेनफ्रेमवरून (आयबीएमच्या मोठ्या कॉम्प्युटरवरून) आलेल्या मेसेजमध्ये ‘@@@@’ची रांग दिसली की नवीन पोरं "डेटा करप्ट आहे" म्हणून तिकीट टाकून मोकळी होतात. अरे, मेनफ्रेम अक्षरं एबसिडिक नावाच्या तक्त्यानुसार बाइटमध्ये लिहितो, बाकीचे कॉम्प्युटर आस्कीनुसार. एबसिडिकमधली स्पेस म्हणजे हेक्स (सोळाच्या पायात लिहिलेला बाइट) ४०, आणि आस्कीत ४० म्हणजे ‘@’. मेसेज कन्व्हर्टच झालेला नाही, एवढंच. आधी हेक्स बघा. १२३ हे एफ१ एफ२ एफ३ असं दिसलं तर एबसिडिक, ३१ ३२ ३३ असं दिसलं तर आस्की. हेक्स न बघता कोडला हात लावणाऱ्यांचं मी ऐकूनच घेत नाही.

माझा खरा राग आहे तो एका शॉर्टकटवर. आयबीएम एमक्यूमध्ये (प्रोग्रामांमध्ये मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) गेट करताना, म्हणजे मेसेज उचलताना, कन्व्हर्ट मागितलं आणि मेसेजचा फॉरमॅट रिकामा असला की २११० हा एरर येतो. मग कुणीतरी पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये फॉरमॅट ‘एमक्यूएसटीआर’ (म्हणजे ‘सगळा मजकूर अक्षरांचा’) ठोकून देतो. २११० गायब, सगळे खूश. आमच्याकडेही नावं, पत्ते अगदी स्वच्छ आले. रात्री ताळा करायला बसलो तर एकही रक्कम जुळेना. तीन तास जावाचा कोड चाळल्यावर एकाच रेकॉर्डची हेक्स दोन्हीकडून काढून शेजारी ठेवली. तिकडे १२ ३४ ५सी, इकडे १२ ९४ २ए. रक्कम कोबोलच्या कॉम्प-३ प्रकारात होती, म्हणजे एका बाइटमध्ये दोन अंक कोंबलेली (पॅक्ड), १२३४५; शेवटचा सी म्हणजे अधिक चिन्ह. सगळी अक्षरंच आहेत असं सांगितल्यामुळे एमक्यूनं ५सी हा एबसिडिकमधला ‘*’ समजून इमानदारीत आस्कीतला ‘*’ दिला, २ए. फॉरमॅट ठोकणारा मीच होतो.

तेव्हापासून आधी कॉपीबुक (रेकॉर्डमधल्या फील्डांची कोबोलमधली मांडणी) मागतो. कॉम्प दिसलं की कन्व्हर्ट बंद. बाइट जसेच्या तसे घेऊन फील्डनुसार उलगडतो. त्याहून बरं म्हणजे मेनफ्रेमवाल्यांच्या मागे लागून रक्कम डिस्प्लेमध्ये (एका बाइटला एक अंक) घ्यायची, साइन सेपरेट, म्हणजे चिन्ह वेगळ्या बाइटमध्ये. साइन सेपरेट विसरलात तर चिन्ह शेवटच्या अंकातच मिसळतं आणि १२३४५ ऐवजी ‘१२३४ई’ येईल.

"एबसिडिक आहे" एवढ्यावर भागत नाही, सीसीएसआयडी, म्हणजे एबसिडिकचा नेमका कुठला तक्ता त्याचा नंबर, विचारा. इंग्रजी अक्षरं नि अंक ०३७, ५०० आणि १०४७ या तक्त्यांमध्ये सारखेच, म्हणून टेस्टिंगमध्ये काही कळत नाही. पण ५००मध्ये लिहिलेलं जेसन ०३७ समजून वाचलं की चौकटी कंस उघडतो तिथे सेंटचं चिन्ह आणि मिटतो तिथे उद्गारचिन्ह.

एमक्यूच्या चॅनेलवर (मेसेज एका मशीनकडून दुसऱ्याकडे जातात ती वाट) कन्व्हर्ट चालू करू नका. ते काम मेसेज घेणाऱ्या प्रोग्रामचं.

आणि मेसेज यूटीएफ-८मध्ये (एका अक्षराला एकाहून जास्त बाइटही लागू शकतात अशी पद्धत) कन्व्हर्ट झाल्यावर बाइट मोजून सबस्ट्रिंग कापू नका. पौंडाचं चिन्ह ०३७मध्ये एक बाइट, इथे दोन; पुढची सगळी फील्डं एक घर सरकतात.