'थिंक'ला आइसलँडिकमध्ये काय म्हणायचं?

रेक्याविकला शिकायला येणाऱ्या मराठी मुलामुलींना माझं पहिलं सांगणं असतं: पुस्तकातला इंग्रजी अर्थ वाचा, मनातल्या मनात त्याचं मराठी करा आणि मगच आइसलँडिक वाक्य जुळवा. द्राविडी प्राणायाम वाटेल, पण इंग्रजीवरून थेट उडी मारली की हमखास फसगत होते. (खालचे उच्चार देवनागरीत कामापुरतेच दिलेत. खरे उच्चार ऐकूनच शिका.)

इंग्रजी 'थिंक' घ्या. गणित सोडवताना तोच, सूप खारट आहे म्हणताना तोच, पाऊस येईल असा अंदाज बांधताना तोच आणि 'उद्या आकुरेयरीला जायचं म्हणतेय' हेही त्यातच. आइसलँडिकमध्ये या कामांना वेगवेगळी क्रियापदं लागतात.

डोकं चालवायचं तर 'हुग्सा'. हे सगळ्यात सोपं, म्हणून सगळे सगळीकडे तेच ठोकतात. त्याला 'उम' जोडलं की कशाबद्दल तरी विचार करणं, पण सांभाळणंसुद्धा. बालवाडीत नोकरी मिळाली आणि कुणी मुलांच्या बाबतीत 'हुग्सा उम' म्हणालं, तर विचार करत बसू नका, मुलांकडे बघायला सांगितलंय. बेत अजून कच्चा असेल, म्हणजे आपलं 'जायचं म्हणतेय', तर तिथेही 'हुग्सा उम' चालतं. बेत पक्का झाला, 'जाणार आहे', की 'आइत्ला'.

खरी गंमत आहे ती मत आणि अंदाज यांत. विद्यापीठाच्या उपाहारगृहात तुम्ही सूपचा एक घोट घेतलात. आता म्हणायचं, 'म्येर फिन्स्त सूपान सोल्त', मला सूप खारट वाटतंय. चव तुमच्या जिभेवर आहे, मत तुमचं आहे. पण वाडगा अजून समोरच्या मैत्रिणीकडे आहे आणि ती तोंड वाकडं करतेय, तर म्हणायचं, 'येग हेल्द आद सूपान स्ये सोल्त', सूप खारट असेल असं वाटतंय. चाखलेलं नाही, नुसती अटकळ. इंग्रजी दोन्हीकडे 'थिंक' म्हणून मोकळं होतं. मराठीतही दोन्हीकडे 'वाटतंय' आहे, पण दुसरीकडे आपण 'असेल' घातलंय. त्या 'असेल'च्या जागी त्यांचं 'स्ये' आहे, 'असणे' या क्रियापदाचं वेगळं रूप. 'हेल्द आद' नंतर हे असं रूप येतं. विचारतानाही तोच भेद. 'क्वाद फिन्स्त थ्येर?' म्हणजे तुझं मत काय, आणि 'क्वाद हेल्दुर्दू?' म्हणजे तुझा अंदाज काय.

आता 'म्येर फिन्स्त' नीट बघा. 'म्येर' म्हणजे 'मी' नव्हे, 'मला'. वाक्याचा कर्ता चतुर्थीत! इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांतून आलेले वर्गातले बरेच जण इथे अडखळतात. आपल्याला मात्र हे घरचंच: मला वाटतं, मला थंडी वाजते, मला आवडतं. 'म्येर एर काल्त' हे शब्दशः 'मला थंड आहे', आणि रेक्याविकमध्ये ते वाक्य पहिल्याच दिवशी कामी येतं. माणूस बदलला तरी क्रियापद बदलत नाही, मला वाटतं, तुला वाटतं, आम्हाला वाटतं, तसंच. क्रियापद बघतं वस्तूकडे. घोडा एक असेल तर 'फिन्स्त', अनेक असतील तर 'फिन्नास्त', जसं आपलं 'आवडतो' आणि 'आवडतात'. बोलताना बरेच जण एकवचनावरच भागवतात, ते सोडा. तुम्ही परीक्षा देणार आहात.

पण इथेच सावध व्हा. मराठीचा 'ला' फार उदार आहे. 'मला आवडतं' मध्ये तोच आणि 'मला मारलं' मध्येही तोच. आइसलँडिकमध्ये पहिल्या 'मला'साठी 'म्येर' आणि दुसऱ्यासाठी 'मिग' आहे, आणि काही क्रियापदांचा कर्ता हट्टाने 'मिग' मागतो. कॉफी प्यावीशी वाटते? 'मिग लाउंगार'. पेन हवंय? 'मिग वान्तार'. स्वप्न पडतं? 'मिग द्रेइमिर'. आपलं मराठी मन इथे 'म्येर' घालायला धावतं. खुद्द आइसलँडिक लोकही 'म्येर लाउंगार' म्हणतात, आणि शाळेतले शिक्षक त्याला चक्क 'चतुर्थीचा आजार' म्हणतात. तुम्ही तसं बोललात तर कुणी हसणार नाही, पण पेपरात गुण जातील. 'मिग'वाल्यांची संख्या मर्यादित आहे. पाठच करून टाका, त्यात तर्क शोधण्यात अर्थ नाही.

विभक्ती पाठ करायची त्यांची एक जुनी युक्ती आहे. 'ह्येर एर हेस्तुर, उम हेस्त, फ्राउ हेस्ति, तिल हेस्त्स'. हा घोडा, घोड्याबद्दल, घोड्यापासून, घोड्याकडे. घोड्याच्या जागी कुठलंही नाम घाला आणि चारही रूपं म्हणून बघा. ज्यांनी शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकलंय त्यांना ताल लगेच सापडेल.

साधनं फुकट आहेत. आउर्नी माग्नुसॉन संस्थेचा 'बिन' नावाचा रूपकोश संगणकावर कायम उघडा ठेवा. शब्द टाकला की त्याची सगळी रूपं समोर येतात, आणि क्रियापदाचा कर्ता कुठल्या विभक्तीत येतो तेही कळतं. आइसलँड विद्यापीठाचा 'आइसलँडिक ऑनलाइन' हा अभ्यासक्रम इथे यायच्या आधी भारतात बसूनच सुरू करता येतो. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी एक वर्षाचा व्यवहारोपयोगी अभ्यासक्रम आहे, आणि पुढे पदवीही. नोकरी करून शिकायचं असेल तर संध्याकाळचे वर्ग बघा, पण तिथे व्याकरण उरकतं घेतात, असा माझा अनुभव आहे.

आणि दुकानात तुमचा उच्चार ऐकून समोरचा लगेच इंग्रजीवर येईल. तो मदतच करत असतो, पण तुमचा सराव बुडतो. 'गेतुम विद तालाद ईस्लेन्स्कू?', आपण आइसलँडिकमध्ये बोलू या का, हे वाक्य अडखळता येईल ते सगळं अडखळून घरीच घोटून ठेवा. बहुतेक जण हसून हो म्हणतात आणि जरा सावकाश बोलायला लागतात.