नाक धुवायचंय? मग आधी पाण्याचं बघा

सर्दी रेंगाळली, नाक चोंदलं, गालफडं आणि कपाळ जड झालं की मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यावर खरंच मोकळं वाटतं. पण प्लीज, नळाचं पाणी तसंच नाकात घालू नका, घरच्या साध्या फिल्टरचंही नको. पिताना पोटातलं अ‍ॅसिड बरेच जंतू मारतं, नाकात तशी काही सोय नाही. नेग्लेरिया फाऊलेरी नावाचा अमिबा नाकातून थेट मेंदूत जातो, २०११ मध्ये अमेरिकेत लुईझियानात नळाच्या पाण्याने नेती केलेली, म्हणजे असंच नाक धुतलेली, दोन माणसं त्यानेच गेली. असं क्वचितच होतं, पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही. म्हणून डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर खळखळ उकळी आल्यावर १ मिनिट अजून उकळू द्या आणि झाकून कोमट होऊ द्या.

१ लिटरला ९ ग्रॅम मीठ, आयोडीन नसलेलं, म्हणजे नाक धुवायच्या २४० मिलीच्या बाटलीला साधारण २ ग्रॅम. चिमूटभर खायचा सोडा घातला की कमी चुरचुरतं. मीठ मोजूनच घाला, मी एकदा विसरले आणि नुसतं पाणी गेलं तर डोळ्यांच्या मागपर्यंत झणझणलं.

आता बेसिनवर वाका, नेती पॉट, म्हणजे नाक धुवायचं तोटीचं भांडं, असेल तर डोकं एका बाजूला कलवा, तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या आणि वरच्या नाकपुडीत हळूहळू ओता, खालच्या नाकपुडीतून पाणी येतं, आधी पातळ धार आणि मग अचानक चिकट शेंबडाची दोरी सुटते तेव्हा जो आराम पडतो ना! बाटली असेल तर डोकं कलवायचं नाही, नुसतं पुढे वाकायचं आणि हलक्या हाताने दाबायचं. मधे गिळू नका, बोलू नका, नाहीतर कानात दडा बसतो. नंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरा. डॉक्टरांनी स्प्रे दिला असेल तर तो यानंतर मारा, आधी मारला तर धुवून जाईल.

कान दुखत असेल, नाक पूर्ण बंद असेल किंवा नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि बाटली प्रत्येक वेळी धुवून पूर्ण सुकवा, झाकण लावून ओली ठेवू नका.